बंद माईकचं गणित

यात्रेतल्या ऑर्केस्ट्रात शेवटचं गाणं सगळे मिळून म्हणतात. आठ गायक स्टेजच्या कडेला ओळीनं उभे राहतात, प्रत्येकाच्या हातात माईक, आणि मुखड्याला आठही गळे एकदम सुटतात. एकट्या गायकापेक्षा हा आवाज किती मोठा, असं मैदानात बसलेल्या कुणालाही विचारा. तो सहज सांगेल, आठ पट. कानाला मात्र तो दुप्पटसुद्धा वाटत नाही.

आठ सारखे गळे एकत्र आले की ध्वनीची शक्ती आठ पट होते हे खरं. डेसिबलमध्ये ही वाढ ९. पण आवाज ‘दुप्पट झाला’ असं कानाला वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे शक्ती दहा पट व्हावी लागते. आठ जण थोडे कमीच पडतात. दहा गायक झाले की कुठे कान दुपटीला राजी होतो. चौपट वाटायला शंभर गायक लागतील आणि आठ पट वाटायला हजार.

हे आकडे मी पुस्तकात नंतर पाहिले. आधी पाहिलं ते बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर भागातल्या यात्रांमध्ये, मैदानाच्या मधोमध मांडलेल्या साऊंडच्या टेबलाशेजारी बसून. दवापासून जपायला मिक्सरवर प्लास्टिकचा कागद, एका बाजूला चहाचा थर्मास, आणि सगळ्यांनी ‘मामा’ म्हणावं असा एक ऑपरेटर. पहिल्याच रात्री मी विचारलं होतं की इतक्या गायकांचा आवाज कसा काय सांभाळता. मामांनी मान वर न करता सांगितलं, “गाणाऱ्याचा माईक कुणी बी उघडतंय दादा. न गाणाऱ्याचा वेळेत बंद करायला ध्यान लागतंय.” तेव्हा मला ते नम्रतेचं बोलणं वाटलं. पुढे हिशेब करत गेलो तसं कळलं, की या कामातलं सगळ्यात खोल गणित त्यांनी दोन वाक्यांत सांगून टाकलं होतं.

आधी एवढे गायक लागतात कशाला ते सांगतो, कारण त्याचं उत्तर या मातीत आहे. नंदगड, बिडी, जांबोटी, गर्लगुंजी, कुठल्याही गावच्या यात्रेला बसलेला समाज एका भाषेचा नसतो. मराठी गावात फलकावर ‘ऑर्केस्ट्रा’ लिहिलेलं असतं, कन्नड गावात त्याच कार्यक्रमाला ‘रसमंजरी’ म्हणतात. पुढच्या रांगेला लावणी हवी, तरुणांना हिंदी, मागून राजकुमारांच्या कन्नड गाण्याची फर्माईश येते, आणि चोर्ला घाट उतरला की गोवाच लागत असल्यामुळे एखादं कोंकणी गाणं तर हवंच. ही सगळी गाणी ऐकणाऱ्यांना पाठ असतात. उच्चार इकडचा तिकडे झाला की लगेच कळतो. एका गळ्यात चार भाषा आणि रफी, किशोर, लता, आशा एवढे सगळे बसत नाहीत. म्हणून सहा-आठ जण. आठ गायकांतून दोघांच्या जोड्या निघतात २८. एकट्यापासून आठांपर्यंत सगळे गट मोजले तर २५५. रात्रभरात यातला कुठलाही गट कुठल्याही क्षणी गाऊ लागू शकतो, आणि त्या क्षणी नेमके तेवढेच माईक उघडे हवेत.

आता त्या गळ्यातून मुळात निघतं किती ते पाहू. नेहमीच्या बोलण्यात माणसाच्या तोंडून बाहेर पडणारी ध्वनिशक्ती सुमारे १० मायक्रोवॅट असते, म्हणजे एका वॅटचा एक लाखावा हिस्सा. १०० मिलिलिटर चहाचं पाणी २५ अंशांपासून उकळीला आणायला साधारण ३१ हजार ज्यूल लागतात. नुसत्या बोलण्याच्या ऊर्जेवर तो कप उकळायचा ठरवला, आणि त्यातली तिळभर ऊर्जा वाया गेली नाही असं धरलं, तरी एका माणसाला रात्रंदिवस न थांबता जवळजवळ शंभर वर्षं बोलावं लागेल. खुल्या गळ्यानं गाणारा गायक याच्या शंभर पट, म्हणजे एक मिलिवॅट काढू शकतो. त्यालाही कपभर चहासाठी वर्षभर गावं लागेल. मंडपाच्या खांबावर लटकणारा ९ वॅटचा एलईडी बल्ब घ्या. आठही गायकांच्या भर गळ्यातल्या शक्तीपेक्षा तो हजार पटींहून अधिक वीज खातो.

इतक्या क्षीण गोष्टीनं अख्खं मैदान डोलतं, याचं पहिलं श्रेय ऐकणाऱ्याच्या कानाला. निरोगी कानाला ऐकू येणारा सगळ्यात हलका आवाज हवेच्या दाबात २० मायक्रोपास्कलचा फरक करतो. आपल्याभोवतीच्या हवेचा दाब सुमारे एक लाख पास्कल. म्हणजे त्याच्या पाचशे कोटीव्या हिश्श्याइतकी थरथर कान पकडतो. मध्यम उंचीच्या सुराला त्या वेळी हवेचे कण जागचे हलतात ते हायड्रोजनच्या अणूच्या व्यासाच्या दहाव्या हिश्श्याइतके. आणि हाच कान, दुखायला लागेपर्यंत, यापेक्षा एक लाख कोटी पट शक्तीचा आवाज झेलतो. एकावर बारा शून्यं.

योगायोग असा, की माईकपासून स्पीकरपर्यंतचा प्रवासही याच मापाचा आहे. गायकांच्या हातात बहुतेक वेळा शुअर कंपनीचा एसएम ५८ असतो किंवा त्याची नक्कल. १९६६ सालचं हे डिझाइन, वजन तीनशे ग्रॅमच्या आसपास. ओठाशी धरून हळुवार ओळ गायली की हा माईक जेमतेम दोन मिलिव्होल्ट देतो. मिक्सरच्या दाराशी पोचणारी शक्ती होते एका वॅटच्या शंभर कोटीव्या हिश्श्याच्या दीड-दोन पट. पलीकडच्या टोकाला २,००० वॅटचा अँप उभा असतो. दोन्हींचा भागाकार केला की उत्तर पुन्हा तेच, लाख कोटी पट.

इथेच सगळी मेख आहे. लाख कोटी पट वाढवणाऱ्या यंत्राला गाणं आणि गोंगाट यातला फरक कळत नाही. माईक उघडा आहे ना, मग तो जे ऐकेल ते वाढेल. गायक गात नसला तरी त्याच्या हातातला माईक ऐकतच असतो. मागच्या ढोलकीची थाप, ऑक्टोपॅडच्या स्पीकरमधला ठोका, बेस गिटारची घरघर, जनरेटरचा हुंकार, शेजारणीच्या बांगड्या. ढोलकीवाला तीन मीटर मागे बसलेला असेल तर त्याची थाप गायकाच्या माईकपर्यंत ९ मिलिसेकंद उशिरा पोचते. ढोलकीचा स्वतःचा माईक ती थाप आधीच देऊन बसलेला असतो, आणि आता तिच्यामागून तिची सावली येते. आठ गायक आठ वेगवेगळ्या अंतरांवर, म्हणून सावल्याही आठ. मिनिटाला १०० ठोके आणि तीन तासांचं वादन धरा. १८,००० ठोके आणि १,४४,००० सावल्या. त्यातली एकही वेगळी ऐकू येत नाही. सगळ्या मिळून एवढंच करतात की ढोलकीची शाई जाते. थाप बोदी होते, गाणं ओल्या गोधडीखाली गेल्यासारखं वाटतं. मागच्या रांगेतला माणूस म्हणतो, “शब्द काय कळंना.” मग नवखा ऑपरेटर गायकाचा आवाज वाढवतो. सावल्याही वाढतात.

मामा अशा वेळी वाढवत नाहीत. त्यांचा डावा हात न गाणाऱ्यांच्या फेडरवर, म्हणजे आवाज कमी-जास्त करणाऱ्या सरकत्या खुंट्यांवर, फिरतो, एकेक खाली येतो, आणि काही न वाढवता गाणारा पुढे येऊन उभा राहतो. मी पहिल्यांदा हे लक्ष देऊन ऐकलं तेव्हा मला वाटलं यांनी काही बटण दाबलं. नुसते पाच माईक बंद केले होते.

याचा आकडा आहे, आणि ध्वनीच्या धंद्यात तो नियम म्हणून पाळला जातो. उघड्या माईकची संख्या दुप्पट झाली की स्पीकरमधून शिट्टी न येता मिळणारा आवाज ३ डेसिबलनं घटतो. एकाचे दोन झाले, ३ गेले. दोनाचे चार, ६ गेले. चाराचे आठ, ९ गेले. ९ डेसिबल म्हणजे शक्तीत आठ पट. ज्या मैदानात आवाजाची हद्द शिट्टी ठरवते, तिथे दोन हजारांच्या जागी सोळा हजार वॅटचे अँप आणून लावले तरी काडीचा फरक पडत नाही, कारण शिट्टी वॅट पाहत नाही. सात माईक बंद केले तर ती आठ पट जागा फुकट मिळते. कर्ज काढून साऊंड घेणाऱ्या आमच्या पोरांना हे आधी कुणीतरी सांगायला हवं, असं मला मनापासून वाटतं. पुढचा अँप घेण्याआधी डाव्या हाताची बोटं तयार करावीत.

शिट्टीचं स्वतःचं गणित तर सावकाराला लाजवणारं आहे. स्पीकरमधला आवाज माईकमध्ये शिरतो, वाढून पुन्हा स्पीकरमधून येतो, पुन्हा माईकमध्ये. एका फेरीत फक्त १ डेसिबल वाढ झाली, म्हणजे शक्ती २६ टक्क्यांनी वाढली, असं धरू. स्पीकर आणि माईक यांत साडेतीन मीटर अंतर असेल तर आवाजाला ते कापायला शंभरावा हिस्सा सेकंद लागतो. म्हणजे शेकडा २६ दरानं चक्रवाढ व्याज, आणि मुद्दलात भर सेकंदाला शंभर वेळा. माणसाला काही ऐकून हात हलवायला साधारण पाव सेकंदाच्या आतबाहेर वेळ लागतो. पाचवा हिस्सा सेकंद धरला तरी तेवढ्यात वीस फेऱ्या होऊन शक्ती शंभर पट झालेली असते. पूर्ण सेकंद मोकळं सोडलं आणि अँपची ताकद आड आली नसती, तर एक हजार कोटी पट. म्हणून शिट्टी आल्यावर धावणं हा उपाय होऊच शकत नाही. ती येण्याआधी तिची वाट बंद असावी लागते. मामा कान टवकारून ऐकतात ते गाणं संपतानाचा सूर किंचित जास्त रेंगाळतोय का, हे. कडा वाजलेल्या पितळी भांड्यासारखी एक बारीक लकेर मागे राहते. आम्हाला ती ऐकूही येत नाही, त्यांचं बोट तोवर फिरलेलं असतं.

गायकाचा हात हा यातला दुसरा मिक्सर. त्या टेबलावरून मी एका मुलीला लावणी गाताना पाहिलं. मुखड्याला माईक ओठांपासून अडीच सेंटिमीटरवर, अंतऱ्यात मान वेळावताना तो छातीपाशी उतरला, वीस सेंटिमीटर. दिसायला वीतभरही नाही. पण अंतर आठ पट झालं, आणि अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल जातात या हिशेबानं १८ डेसिबल गेले. माईकवर पडणारी शक्ती राहिली चौसष्टावा हिस्सा. जणू चौसष्ट गायिकांमधल्या त्रेसष्ट जणी एकदम गप्प झाल्या. मामांनी तिचा फेडर वर नेला खरा, पण सगळे १८ भरून काढले नाहीत. तेवढं उचललं असतं तर ढोलकीही तिच्या माईकमधून चौसष्ट पट येऊन बसली असती. त्यांनी कीबोर्ड आणि गिटार तेवढ्या दोन ओळींपुरते थोडे खाली घेतले. मध्यंतरात तिला बोलावून म्हणाले, “पोरी, माईक हनुवटीला टेकवून धर. तुझा गळा छान हाय, मला मध्ये यायला लावू नको.” दुसऱ्या अर्ध्यात तिनं तो हनुवटीवरून हलवला नाही.

मिक्सरपुढे बसलेल्या माणसासमोर किती वाटा खुल्या असतात तेही मोजून पाहा. २०१२ साली बेहरिंगर कंपनीचा एक्स ३२ आला आणि छोट्या साऊंडवाल्यांच्या आवाक्यात ३२ माईकचा डिजिटल मिक्सर आला. त्याच्या प्रत्येक फेडरला १,०२४ पायऱ्या आहेत. ३२ फेडर किती वेगवेगळ्या प्रकारे मांडता येतील? १,०२४ ला स्वतःशी ३२ वेळा गुणायचं. उत्तर येतं दोनावर ९६ शून्यं. दृश्य विश्वातले सगळे अणू मोजले तर अंदाज एकावर ८० शून्यांच्या आसपास जातो. दर अणूमागे मिक्सरची एक मांडणी वाटत गेलं तर अणू संपतील, मांडण्या संपणार नाहीत. आणि ही नुसती आवाजाची पातळी झाली, बेस-ट्रेबल आणि एकोचा विषय अजून निघालेलाच नाही.

बरं, एवढ्या बारीक पायऱ्या कानाला कळत नाहीत. आपण फक्त आठ गायक घेऊ आणि प्रत्येकाला एकेक डेसिबलच्या वीस पायऱ्या देऊ. तरी मांडण्या होतात २,५६० कोटी. दर सेकंदाला एक तपासत बसलं तर आठशे वर्षांहून जास्त काळ लागेल. यादवांच्या काळी मोजायला बसलेला माणूस आज उठेल. मामांना गाण्याची पहिली ओळ मिळते. चार-पाच सेकंद. ते मोजत नाहीत, हे उघड आहे. बहुतेक वाटा ते आधीच बंद करून ठेवतात. गाण्यांची यादी त्यांच्या मांडीवर असते, प्रत्येक गाण्यापुढे आकडे खरडलेले, तीन, पाच, कोरस दोन-सहा. एका रात्रीत तीस गाणी, प्रत्येकात गळा बदलण्याच्या आठ जागा धरल्या तर २४० बदल. दर बदलाला एक उघडायचा, एक मिटायचा. चार तासांत दर तीस सेकंदांना एक हालचाल, आणि ती सुराच्या अर्धा श्वास आधी.

कॉर्डलेस माईक आल्यापासून तर बंद ठेवण्याचं हे काम हवेतही गेलं आहे. आठ कॉर्डलेस एकाच वेळी चालू असले की त्यांच्या आठ लहरी एकमेकींत मिसळून नको असलेल्या नव्या लहरी तयार करतात. दोन-दोनच्या जोडीतून ५६ आणि तीन-तीनच्या मेळातून १६८, मिळून २२४. आठ माणसांच्या पंगतीला २२४ आगंतुक. त्यातला एखादा नेमका आठांपैकी कुणाच्या जागेवर येऊन बसला की खरखर. जाणता माणूस आठांच्या जागा अशा निवडतो की आगंतुक रिकाम्या पाटावर बसावेत.

एके काळी यातलं काहीच नव्हतं. मराठी संगीत नाटकाचा पाया घालणारे अण्णासाहेब किर्लोस्कर याच बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. १८८० साली ‘संगीत शाकुंतल’ उभं राहिलं तेव्हा गायकनटाच्या पाठीशी फक्त त्याचा गळा होता, त्या एका मिलिवॅटचा. कमावलेला गळा तीन हजार हर्ट्झच्या आसपास जास्तीची ताकद आणू शकतो. साथीच्या वाद्यांचा जोर तिथे ओसरलेला असतो आणि कान नेमका तिथेच सर्वांत तीक्ष्ण. वाद्यं जी जागा मोकळी सोडतात त्या जागेतून गळा बाहेर पडतो.  याच्या अगदी दुसऱ्या टोकाला, १९७४ साली, अमेरिकेत ग्रेटफुल डेड या बँडनं ‘वॉल ऑफ साऊंड’ नावाची भिंत उभारली. जेबीएलचे ५८६ स्पीकर, ४८ अँप, वजन ७५ टन. सगळे स्पीकर गायकांच्या पाठीमागे, म्हणजे शिट्टीला मोकळं रान. त्यांनी काय केलं, तर प्रत्येक गायकाला एकावर एक दोन माईक दिले आणि दुसरा उलटा जोडला. भिंतीचा आवाज दोन्हींत सारखाच शिरे आणि एकमेकांना खाऊन टाके. गायक फक्त वरच्या माईकमध्ये गाई, तेवढंच उरे. ७५ टनांच्या त्या डोलाऱ्याला गाणं ऐकवता आलं ते या वजाबाकीमुळे.

याच वजाबाकीचा आणखी एक जाणकार खानापूर तालुक्यातच राहतो, आणि त्याच्याबद्दल इथल्याच लोकांना फार कमी ठाऊक आहे. भीमगडच्या जंगलात, तळेवाडीच्या बाजूला, बारापेडे गुहांमध्ये रॉटनचं वटवाघूळ असतं. १९१३ साली ऑल्डफिल्ड थॉमस यांनी त्याची शास्त्रीय नोंद केली. पुढे कित्येक दशकं जगात त्याचं हे एकच ठिकाण माहीत होतं. वटवाघूळ स्वतःच्या आवाजाचा प्रतिध्वनी ऐकून वाट काढतं, आणि थव्यात सगळीच ओरडली तर कुणाला कुणाचा प्रतिध्वनी कळायचा? याच कुळातल्या मेक्सिकन वटवाघळांवर टेक्सासमधल्या संशोधकांनी प्रयोग केले. तिथल्या ब्रॅकन गुहेत दीड कोटींहून जास्त वटवाघळं एकत्र नांदतात. २०१३ साली या संशोधकांनी दाखवून दिलं की शेजारी ओरडतोय असं कळलं की हे वटवाघूळ स्वतःच्या हाका कमी करतं, आणि त्यामुळे सगळ्यांनाच जास्त चांगलं ऐकू येतं. मी हे मामांना सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “म्हणजे त्येंचा ऑपरेटर त्येंच्या आतच बसलाय.”

हवाही या खेळात भाग घेते, आणि खानापुरात ती वेगळी असते. गाण्यातले स, श, च हे वर्ण ओळखू येतात ते उंच कंप्रतेमुळे, आणि हवा नेमकी तीच खाते. २० अंश तापमान आणि ७० टक्के दमट हवा असेल तर ८,००० हर्ट्झचा आवाज शंभर मीटरवर साडेसात डेसिबलच्या आसपास गमावतो. १५ अंश आणि २० टक्के अशा कोरड्या हवेत तोच २० डेसिबल गमावतो, म्हणजे शंभरातला एक हिस्सा उरतो. घाटाकडून धुकं येतं त्या रात्री कणकुंबी-जांबोटीच्या बाजूला शब्द लांबवर स्वच्छ जातात, आणि तोच संच घेऊन उन्हाळ्यात पूर्वेकडच्या कोरड्या गावात गेलं की मागच्या रांगेला मुखडा पोबारा. मामा यात्रेच्या गावात पोचल्यावर आधी हवेचा वास घेतात, असं त्यांची पोरं सांगतात. मला त्यात अतिशयोक्ती वाटत नाही.

मला काळजी वाटते ती कानांची. एका कानात आतल्या केसपेशी सुमारे साडेतीन हजार आणि बाहेरच्या बारा हजार. साडेपंधरा हजार पेशींवर आयुष्यभराचं ऐकणं उभं, आणि गेलेली पेशी परत येत नाही. ८५ डेसिबलला आठ तास ही दिवसाची मर्यादा मानतात, आणि दर ३ डेसिबलला ती निम्मी होते. १०० डेसिबलला उरतात १५ मिनिटं. चार तासांचा कार्यक्रम १०० वर चालवला तर एका रात्रीत सोळा दिवसांचा वाटा खाल्ला. आमच्याकडे ज्याला सरसकट ‘डॉल्बी’ म्हणतात, त्या मिरवणुकीतल्या भिंतीपुढे नाचणाऱ्या पोरांचा हिशेब तर याहून फार वाईट. ऑपरेटरचं दुखणं आणखी वेगळं. रात्र चढेल तसा थकलेला कान उंच सूर गमावतो, म्हणून हात नकळत ट्रेबल वाढवतो, आणि त्यानं कान आणखी थकतो. मामा दर तासाला टेबल सोडून मंडपाबाहेर अंधारात पाच मिनिटं उभे राहतात. आधी मला वाटायचं विडी ओढायला जातात. ते कान धुवायला जातात.

रात्री दहाला लाऊडस्पीकर थांबले पाहिजेत, २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांप्रमाणे. म्हणून पावणेदहाला शेवटचं गाणं लागतं. आठही गायक पुढे येतात. या गाण्याला तरी मामा सगळे माईक पूर्ण उघडत असतील, असा माझा बरेच दिवस समज होता. एकदा त्यांच्या बोटांकडेच पाहत राहिलो. आठही फेडर वर गेले, पण एकट्या गायकासाठी जिथे असतात त्याच्या बऱ्याच खाली थांबले. आठांची बेरीज एकाएवढीच ठेवली होती, वर थोडंसंच. तरीही गाणं मैदानभर झालं. आठ गळे कधीच नेमके एका सुरात, एका क्षणी नसतात. ४४० हर्ट्झच्या सुरावर एखाद्याचा स्वर अडीच हर्ट्झ वर असतो, एखादा शब्द वीस मिलिसेकंद मागून येतो. त्या बारीक फरकांनी आवाज रुंद होतो. साऊंड वाढला नव्हता, माणसं वाढल्यासारखी वाटली.

नऊ अठ्ठावन्नला गाणं संपलं. टाळ्या चालू असतानाच मामांनी फेडर उतरवायला घेतले. आठ, सात, सहा. मंडप रिकामा व्हायला लागला, खुर्च्या सरकल्या, भोंगा विकणाऱ्याची पिपाणी वाजली. तेवढ्यात यात्रा कमिटीचे एक काका स्टेजवर धापा टाकत चढले आणि निवेदकाच्या हातातला माईक घेतला. निळा फ्रॉक घातलेली चार वर्षांची एक पोर सापडली आहे, इदलहोंडची आहे म्हणते, स्टेजच्या डाव्या बाजूला आजीजवळ बसवली आहे. मामांनी उरलेले सगळे फेडर एका फटक्यात तळाला नेले, एक सोडून. काका काही मोठ्यानं बोलत नव्हते, त्यांचा दम लागलेला होता. तरी शेवटच्या रांगेपलीकडे, गाड्या लावल्या होत्या त्या बांधापर्यंत, शब्द न् शब्द गेला. बांधावरून एक बाई हातातली चप्पल टाकून स्टेजकडे पळत निघाली.